पास्काच्या ताटातला गोड चिखल

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी मिस्साबलीत पहिले वाचन निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातून घेतले जाते. मिसर देशातून निघण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी काय खावे, याची सविस्तर आज्ञा त्यात आहे. निर्दोष कोकराचे विस्तवावर भाजलेले मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी, असे हे तीन पदार्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र आज एखाद्या यहुदी घरी पास्काच्या रात्री ताट मांडले जाते, तेव्हा त्यात आणखी एक पदार्थ असतो. तो दिसायला कालवलेल्या मातीसारखा, तपकिरी आणि घट्ट, पण चवीला गोड. फळे, सुकामेवा, मसाला आणि द्राक्षारस यांचा तो लगदा. त्याला हिब्रू भाषेत ‘हारोसेत’ म्हणतात. निर्गम ग्रंथात त्याचा उल्लेख नाही. संपूर्ण जुन्या करारात नाही. मग तो ताटात आला कोठून? या लहानशा प्रश्नाचा मागोवा घेताना मला माझ्याच एका जुन्या चुकीचा हिशेब द्यावा लागणार आहे. वाचकांनी तो ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

माझ्या गुरुदीक्षेला जेमतेम वर्ष झाले होते. पवित्र सप्ताहातील एका प्रवचनात योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायावर मी बोलत होतो. प्रभू येशू घास ताटात बुडवून यहूदा इस्कर्योताला देतो आणि यहूदा उठून रात्रीच्या काळोखात निघून जातो, हा तो प्रसंग. सेमिनरीत शिकवताना आमच्या प्राध्यापकांनी सांगितले होते की, घास ज्यात बुडवला गेला तो पदार्थ हारोसेत असावा, असे काही भाष्यकारांना वाटते. ही विद्वत्ता श्रोत्यांपुढे मांडण्याच्या उत्साहात मी वाहवत गेलो. आपल्या मराठीत ‘यहूदा’ आणि ‘यहुदी’ हे शब्द कानाला जवळजवळ एकच वाटतात. एकाच्या विश्वासघातावरून मी दुसऱ्यावर कधी घसरलो, माझे मलाच कळले नाही. ज्यांच्या ताटात प्रभूने घास बुडवला, त्यांनीच त्याला क्रुसावर दिले, अशा अर्थाचे एक वाक्य मी मोठ्या आवेशाने उच्चारले.

मिस्सानंतर एक मध्यमवयीन परिचारिका सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबल्या. त्या अलिबागकडच्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “फादर, माझी आई शेतावर जायची तेव्हा शेजारच्या बेने इस्राएल आजींनी मला मांडीवर घेऊन जेवू घातलं. त्या यहूदाच्या कुणी लागत नव्हत्या.” इतके बोलून त्या निघून गेल्या. मला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचे सर्व दस्तऐवज मी अभ्यासले होते, त्यांवर परीक्षाही दिली होती. पण डोक्यात उतरलेले जिभेवर येईलच, असे नसते.

त्यानंतर या पदार्थाबद्दल मी जे वाचत गेलो, त्याचा सारांश असा.

हारोसेतचा सर्वांत जुना लिखित उल्लेख ‘मिश्ना’ या यहुदी धर्मशास्त्राच्या संग्रहात आढळतो. इसवी सन २०० च्या सुमारास या संग्रहाला आजचे रूप आले. त्यातील ‘पेसाहीम’ या भागाच्या दहाव्या अध्यायात पास्काच्या भोजनाचा क्रम दिला आहे. बेखमीर भाकर, कडू पाला, हारोसेत आणि दोन शिजवलेले पदार्थ पुढ्यात आणावेत, असे तेथे म्हटले आहे. मात्र हारोसेत ही धर्माज्ञा नाही, असा शेराही लगेच जोडला आहे. त्यावर रब्बी एलिएजर बेन सादोक यांचे वेगळे मतही नोंदवले आहे. त्यांच्या मते ती धर्माज्ञाच होय. बाबिलोनी तालमूद या मताला पुष्टी देताना यरुशलेमच्या व्यापाऱ्यांची एक आठवण सांगतो. धर्माज्ञेसाठी लागणारे मसाले घेऊन जा, असे पुकारत ते म्हणे गिऱ्हाइकांना बोलवीत. सणाच्या तोंडावर आपल्या बाजारात जी हाळी उठते, तीच ही.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिर नाही म्हणून बळी नाही, आणि बळी नाही म्हणून पास्काचे कोकरूही नाही. वेदीवरचा सण घरच्या मेजावर आला. याजकाची जागा घरातील वडीलधाऱ्याने घेतली, आणि एकेका पदार्थाचा अर्थ मुलांना समजावून सांगणे हाच उपासनेचा गाभा बनला. या भोजनाला ‘सेदेर’ म्हणजे ‘क्रम’ हे नाव आहे, आणि त्यावेळी वाचल्या जाणाऱ्या पोथीला ‘हाग्गादा’ म्हणजे ‘कथन’ असे म्हणतात. टेकून बसणे, द्राक्षारसाचे चार पेले, पाला कशात तरी बुडवून खाणे, या रीतींवर ग्रीक-रोमन मेजवानीची छाप स्पष्ट दिसते. त्या जगात भाजी अशा एखाद्या लगद्याबरोबर खाण्याची पद्धत होतीच. यहुदी आचार्यांनी या तोंडीलावण्याला आठवणीचे काम दिले.

आठवण कशाची, याबद्दल मात्र त्यांच्यात एकमत नव्हते, आणि हा मतभेद फार सुंदर आहे. रब्बी योहानान म्हणाले, ही मातीची आठवण. मिसरात फारोने इस्राएल लोकांकडून चिखल तुडवून घेतला, विटा पाडून घेतल्या, तो चिखल ताटात दिसला पाहिजे. मातीच्या भांड्याला हिब्रूत ‘हेरेस’ म्हणतात, त्या शब्दाशी हारोसेतचे नाते जोडले जाते. रब्बी लेवी म्हणाले, ही सफरचंदाच्या झाडाची आठवण. गीतरत्नाच्या आठव्या अध्यायात सफरचंदाच्या झाडाखाली झालेल्या प्रसूतीचा उल्लेख आहे. त्यावरून तालमूदमध्ये एक कथा येते. नवजात मुलगे मारून टाकण्याचा फारोचा हुकूम सुटला, तेव्हा इस्राएलच्या स्त्रिया मिसरी लोकांना कळू नये म्हणून रानात सफरचंदाच्या झाडांखाली जाऊन बाळंत होत. म्हणजे एका आचार्याला त्या लगद्यात गुलामीचा चिखल दिसला, तर दुसऱ्याला त्या चिखलातही वंश जगवणाऱ्या मातांचे धैर्य दिसले. तालमूदने दोघांनाही खोटे ठरवले नाही. मातीसाठी तो घट्ट असावा आणि सफरचंदासाठी थोडा आंबट असावा, असा तोडगा आबाये या आचार्यांनी काढला. यरुशलेमी तालमूदात तिसरेही एक मत आहे. त्यानुसार हा पदार्थ पातळ असावा, कारण तो रक्ताची आठवण आहे. ‘रक्त’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

पुढील शतकांत कृतीही लिहून ठेवल्या गेल्या. बाराव्या शतकातील थोर तत्त्वचिंतक आणि वैद्य मोशे बेन मैमोन, म्हणजेच मैमोनिदेस, यांनी आपल्या धर्मसंहितेत सांगितले आहे की, खजूर, सुके अंजीर किंवा मनुका घ्याव्यात, त्या ठेचून त्यांत सिरका घालावा आणि चिखलात जसे गवताचे काड असते तसा त्यात मसाला मिसळावा. काडाचा हा उल्लेख सहज आलेला नाही. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो विटांसाठी काड देणे बंद करतो. ते काड ताटात दिसावे म्हणून दालचिनी आणि आले यांची पूड न करता लांब तंतू ठेवण्याची चाल युरोपातही होती. बाबिलोनच्या ‘गाओन’ आचार्यांच्या नावावर आणखी एक परंपरा सांगितली जाते. गीतरत्नात ज्या फळांच्या उपमा येतात, त्या फळांचेच हारोसेत करावे : सफरचंद, डाळिंब, अंजीर, खजूर, अक्रोड. त्यांना बदामाची जोड मिळाली, कारण बदामाच्या हिब्रू नावात ‘त्वरा करणे’ असा अर्थ दडलेला आहे, आणि परमेश्वराने आपल्या लोकांच्या सुटकेची त्वरा केली.

यहुदी समाज देशोदेशी पांगला, तशी या पदार्थाचीही रूपे झाली. पोलंड आणि जर्मनीकडच्या थंड मुलखात सफरचंद, अक्रोड, दालचिनी आणि गोड द्राक्षारस. इटलीत चेस्टनट. येमेनमध्ये खजूर-मनुकांबरोबर तीळ आणि तिखट मसाले. इराकमध्ये खजुराचा दाट पाक आणि वर अक्रोडाचा चुरा. जेथे जे पिकते त्याचाच चिखल कालवावा, आणि आठवण मात्र एकच ठेवावी, अशी ही रीत.

काहीच पिकत नसेल तर? अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६२ साली, पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात ओहायोच्या एका पलटणीतील काही यहुदी सैनिकांनी छावणीतच सेदेर साजरा केला. जे. ए. जोएल या सैनिकाने चार वर्षांनी ही हकीकत छापून प्रसिद्ध केली. कोकरू मिळाले, कडू पालाही रानात सापडला. पण हारोसेतचे साहित्य काही मिळेना. तेव्हा त्यांनी काय करावे? सरळ एक वीट आणून ताटात ठेवली! खाता येत नव्हती, पण पाहून आठवण तर होत होती.

ही हकीकत वाचून हसू येते. पुढची हकीकत लिहिताना मात्र लेखणी जड होते, कारण ती आपल्या, ख्रिस्ती माणसांच्या, इतिहासातील आहे.

मध्ययुगीन युरोपात यहुद्यांवर एक भयंकर आळ घेतला जाऊ लागला. ते ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचे रक्त पास्काच्या विधीत वापरतात, असा तो आळ. १३२९ साली साव्हॉय परगण्यात असाच खटला उभा राहिला. मारलेल्या मुलांची आतडी मिसळून यहुदी एक पदार्थ तयार करतात, असे आरोपात म्हटले होते, आणि त्या पदार्थाचे नाव दिले होते ‘आहारासे’. हे हारोसेतचेच अपभ्रष्ट रूप होय. शेजाऱ्याच्या घरात सणाला काय शिजते, हे दार ठोठावून विचारण्याऐवजी त्याच्या सफरचंद-अक्रोडाच्या लगद्यात आपल्या पूर्वजांनी लेकरांचे रक्त पाहिले. १२४७ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी अशा आळाचा निषेध केला होता. तरीही अफवा थांबल्या नाहीत. १४७५ मध्ये इटलीतील त्रेंतो येथे सिमोन नावाचा बालक मृतावस्थेत सापडला. त्याचा दोष तेथील यहुद्यांवर ठेवण्यात आला, त्यांचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले आणि कित्येकांना देहान्त शासन झाले. त्या बालकाची हुतात्मा म्हणून भक्ती सुरू झाली. ती ख्रिस्तसभेने अधिकृतपणे बंद केली, तेव्हा १९६५ साल उजाडले होते.

या भीतीचा परिणाम पास्काच्या मेजावर झाला. सेदेरसाठी तांबडा द्राक्षारस उत्तम, अशी जुनी शिकवण; पण सतराव्या शतकात पोलंडमधील रब्बी दाविद हालेवी यांनी लिहिले की, खोट्या आळामुळे आपल्याकडे तांबडा द्राक्षारस घेण्याचे टाळले जाते. मुक्तीचा सण साजरा करताना शेजाऱ्याच्या भीतीने पेल्याचा रंग बदलावा लागतो, यापरते दुर्दैव कोणते?

१९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांना विश्वासहीन ठरवणारे विशेषण काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी महासभेने ‘नॉस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध केले. प्रभूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट ठेवता येणार नाही आणि आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही, हे त्यातील चौथ्या परिच्छेदात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोम येथील यहुदी प्रार्थनामंदिरात स्वतः गेले. माझे ते प्रवचन या सर्व घटनांनंतरचे आहे. म्हणूनच त्याला अज्ञानाची सबब चालत नाही.

प्रभूने बुडवलेला घास हारोसेतमध्येच बुडवला होता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर हे सिद्ध करता येत नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यानुसार ते भोजन पास्काचे होते. योहानानुसार मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही पास्काचे भोजन व्हायचे होते. शिवाय मिश्नाची रचना त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी झाली. पण एवढे निश्चित की, ज्या मेजावर आपल्या मिस्साबलीचा उगम झाला, ते मेज यहुदी होते, यजमान यहुदी होता, आणि ज्याने घात केला तो जसा यहुदी होता, तसाच प्रभूच्या उराशी टेकलेला प्रिय शिष्यही यहुदीच होता.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिलेल्या बेने इस्राएल समाजाला गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. जगातील इतर यहुद्यांशी संबंध तुटल्यामुळे हिब्रू भाषा आणि पुष्कळसे विधी त्यांच्या विस्मरणात गेले होते. मात्र सण उरले होते, तेही मराठी नावांनी. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात पास्काच्या दिवसांत येणाऱ्या ‘अनाशी ढाकाचा सण’ या जुन्या सणाची माहिती आहे. आंबट पदार्थाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, एवढीच खूण शिल्लक होती. खमीर का वर्ज्य, हे कारण विसरले गेले, पण झाकण विसरले गेले नाही!

पुढे कोचीनचे यहुदी आले. १८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून यांच्यासारखे बगदादी यहुदी मुंबईत आले. त्याच वर्षी स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराच्या आशेने दिलेल्या या शिक्षणाचा बेने इस्राएलांनी आपला स्वतःचा धर्म अधिक घट्ट धरण्यासाठी उपयोग केला. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोडभाषेतली हाग्गादा छापली गेली. मोजेस जेकब टाळकर आणि आरोन बेंजामिन दिवेकर यांनी ती सिद्ध केली. तिच्या चित्रांत मात्सा, म्हणजे बेखमीर भाकर, तयार करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा अशी मराठी घरात, मराठी वेषात आणि मराठी वाणीत येऊन बसली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये स्थायिक झाले.

त्या परिचारिकाबाईंनी मोठ्या मनाने मला एके वर्षी त्यांच्या आजींकडे नेले. सण चार दिवसांवर होता. घराला नुकताच चुना दिला होता, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई झाली होती. आजींनी आदल्या रात्री अर्धा किलो बिया काढलेला खजूर साधारण लिटरभर पाण्यात भिजत घातला होता. सकाळी तो त्याच पाण्यात मऊ शिजवला, थोडा निवल्यावर पातळ फडक्यातून घट्ट पिळून घेतला, आणि तो रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत ठेवला. तासाभराने तो मधासारखा दाट झाला. “थंड झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून आधीच उतरवायचा,” त्या म्हणाल्या. वाढताना वर अक्रोडाचा भरड चुरा. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत.

युरोपीय पद्धतीचे हारोसेत याहून सोपे आहे. चार मध्यम सफरचंदे सोलून बारीक चिरावीत किंवा जाडसर किसावीत. त्यांत वाटीभर अक्रोडाचे तुकडे, चमचाभर दालचिनीची पूड, दोन चमचे मध आणि तीन-चार चमचे गोड द्राक्षारस घालून कालवावे. तास-दोन तास झाकून ठेवल्यास सफरचंद काळवंडते आणि मातीचा रंग येतो. एरवी कापलेले सफरचंद काळे पडले तर आपण नाक मुरडतो. येथे तोच रंग हवा असतो.

आपल्या घरांतून हा पदार्थ करून पाहावा का? मुलांना निर्गमाची कथा सांगताना अवश्य करावा. परंतु एक सावधगिरी हवी. अलीकडे काही धर्मग्रामांत पवित्र सप्ताहात ‘ख्रिस्ती सेदेर’ करण्याची हौस दिसते. अमेरिकेतील कॅथलिक महागुरूंनी १९८८ मधील आपल्या मार्गदर्शनात बजावले आहे की, सेदेर त्याच्या मूळ स्वरूपात आदराने समजून घ्यावा, त्याच्या शेवटी नव्या कराराची वाचने जोडून त्याला बाप्तिस्मा देऊ नये. शेजाऱ्याच्या घरचा सण हा आपल्या सणाची रंगीत तालीम नव्हे. आपले पास्काचे भोजन वेदीवर आहे. शेजाऱ्याच्या ताटातले जाणून घ्यावे ते त्याला जाणण्यासाठी.

निघताना आजींनी एका बशीत लेट्यूसचे कडवट पान आणि थोडा पाक मला चाखायला दिला. मी पान पाकात चांगले घोळवले. त्या हसून म्हणाल्या, “फादर, एवढं नाही. बुडवायचं आणि झटकून टाकायचं. कडू सोसवलं पाहिजे, पण झाकलं जाता कामा नये.” ही त्यांच्या शास्त्राचीच आज्ञा आहे, हे मला नंतर वाचनात कळले. मी पान झटकले. जिभेवर आधी खजूर आला, मग कडूपणा.

माझ्या त्या प्रवचनाबद्दल मी आजींना काही सांगितले नाही; धीर झाला नाही. परिचारिकाबाईंनीही सांगितले नाही. पुढच्या पवित्र सप्ताहात मात्र त्याच अध्यायावर, त्याच वेदीवरून, मी माझी चूक नाव घेऊन कबूल केली. आजी आता हयात नाहीत. दर पवित्र गुरुवारी कडू भाजीचे वाचन ऐकताना त्यांचे ते वाक्य मला आठवते, आणि झटकून टाकण्याइतकाच गोडवा आपल्या वाट्याला ठेवावा, असे वाटते.